आधुनिक अमेरिकन नाटक सांस्कृतिक इतिहास म्हणून अभ्यासताना नेमके काय वाचायचे?

अभ्यासिका (मूळ प्रश्न)

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवते आणि पीएच.डी.साठी आधुनिक अमेरिकन नाटक हा विषय घेतला आहे. नाटककारांच्या 'जीवनदृष्टी'वर पुरेसे प्रबंध झाले आहेत, तेव्हा ही नाटके विसाव्या शतकातील अमेरिकेच्या सांस्कृतिक इतिहासाचा भाग म्हणून वाच, असे माझ्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. ते ऐकताना पटते. लिहायला बसले, की मात्र पहिल्या प्रकरणात महामंदी, दुसरे महायुद्ध, सिनेटर मॅकार्थींची कम्युनिस्टविरोधी मोहीम आणि नागरी हक्कांची चळवळ यांची माहिती येते, पुढे प्रत्येक प्रकरणात एकेक नाटककार येतो, आणि 'या नाटकात तत्कालीन समाजाचे प्रतिबिंब आढळते' हे एकच वाक्य मी दर वेळी वेगळ्या शब्दांत लिहीत राहते. इतिहास आणि नाटक एकमेकांना कुठे भेटतच नाहीत.

सध्याच्या यादीत युजीन ओ'नील, टेनेसी विल्यम्स, आर्थर मिलर, लॉरेन हॅन्सबेरी, एडवर्ड ऑल्बी आणि ऑगस्ट विल्सन आहेत. नाटक हे इतिहासाचे साधन मानायचे, तर ते नेमके कशाचा पुरावा आहे, हा माझा मुख्य प्रश्न. दुसरा प्रश्न व्यवहारातला आहे: अमेरिकेला न जाता, इथे बसून हे काम होण्यासारखे आहे का? शिवाय मराठी रंगभूमीशी तुलना करणारे एक प्रकरण असावे असा आग्रह काही ज्येष्ठ मंडळी धरत आहेत, त्याविषयीही मत हवे आहे.

तिसरी घंटा

नमस्कार. तुमची अडचण 'प्रतिबिंब' या कल्पनेतच आहे असे मला वाटते. ती कल्पना धरली, की इतिहासाच्या पुस्तकात जे आधीच वाचलेले असते तेच नाटकात शोधून दाखवण्याचे काम उरते, आणि त्यासाठी नाटकाची गरज नसते. घडलेल्या घटनांचा पुरावा म्हणून नाटक फार कच्चे असते. परंतु अमुक वर्षी, अमुक शहरात, तिकीट काढून बसलेल्या लोकांसमोर काय बोलता येत होते, कोणता भाग गाळावा लागला, आणि कानांवर पडूनही लोकांनी काय ऐकले नाही, याचा इतका चांगला पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. म्हणून केवळ संहिता वाचून भागणार नाही. प्रयोगाचा इतिहास वाचावा लागेल.

तुमच्याच यादीतल्या हॅन्सबेरींचे 'अ रेझिन इन द सन' घ्या. शिकागोच्या साउथ साइडमध्ये कोंदट जागेत राहणारे यंगर कुटुंब, वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर, त्यातून आईने गोऱ्यांच्या वस्तीत घेतलेले घर, आणि तुम्ही इथे येऊ नये म्हणून जास्त पैसे देऊन ते घर परत विकत घ्यायला आलेला कार्ल लिंडनर. ११ मार्च १९५९ रोजी हे नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले नाटक ब्रॉडवेवर होण्याची ती पहिलीच वेळ होती. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्सही कृष्णवर्णीय होते. ५३० प्रयोग झाले. इथवरची माहिती कुठल्याही प्रस्तावनेत मिळते.

आता शिकागोतील घरांचा इतिहास याच्या शेजारी ठेवा. हॅन्सबेरी यांचे वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी १९३७ मध्ये शिकागोच्या वॉशिंग्टन पार्क भागात घर घेतले. तिथल्या मालमत्ता कृष्णवर्णीयांना विकायच्या नाहीत, असा करार गोऱ्या घरमालकांनी आपसांत केलेला होता. विटा फेकल्या गेल्या, खटला झाला, आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १२ नोव्हेंबर १९४० रोजी हॅन्सबेरींच्या बाजूने निकाल लागला खरा, पण तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर होता: आधीच्या एका खटल्याचा निवाडा त्यात पक्षकार नसलेल्यांवर लादता येणार नाही, एवढेच न्यायालय म्हणाले. वंशभेदी करारांना हात लागला नाही. असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात ठरवले, तेव्हा १९४८ साल उजाडले होते, आणि कार्ल हॅन्सबेरी दोन वर्षांपूर्वीच वारले होते.

हे लक्षात ठेवून लिंडनरचा प्रवेश पुन्हा वाचा. तो कोर्टाची धमकी देत नाही. अत्यंत सभ्यपणे, वस्तीच्या सुधारणा मंडळाचा प्रतिनिधी म्हणून, पैशाचा देकार घेऊन येतो. १९४८ नंतर न्यायालयाची वाट बंद झाली होती. उरली होती ती पैशाची आणि बॉम्बची. १९५१ मध्ये शिकागोला लागून असलेल्या सिसरो येथे एक कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले म्हणून जमावाने इमारतीची नासधूस केली आणि नॅशनल गार्डला बोलवावे लागले. लिंडनरची सभ्यता हा केवळ त्याचा स्वभाव नाही, त्यामागे कायद्यातला एक बदल आहे. नाटकातल्या आईचे एक साधे वाक्यही असेच आहे: कृष्णवर्णीयांसाठी दूरवर बांधलेली घरे इतर घरांच्या दुप्पट महाग वाटतात, असे ती म्हणते. वस्त्या बंदिस्त असल्यामुळे त्यांच्यासाठी घरबाजारच वेगळा होता, आणि त्या बाजारात वाईट घराला चांगल्या घराची किंमत पडे. ते सगळे त्या वाक्यात आहे.

माझ्या मते सर्वांत मोलाचा पुरावा मात्र १९५९ च्या प्रयोगात जे नव्हते त्यात आहे. संहितेत मिसेस जॉन्सन नावाची एक आगाऊ शेजारीण आहे. ती वर्तमानपत्र घेऊन येते, आणि गोऱ्यांच्या वस्तीत गेलेल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर बॉम्ब टाकल्याची बातमी त्यात असते. हा प्रवेश ब्रॉडवेवर गाळला गेला. नाटकाची लांबी, पात्रांची संख्या, खर्च अशी व्यावहारिक कारणे त्यामागे असतीलही, परंतु परिणाम असा झाला, की सामानाची गाडी येते, कुटुंब नव्या घराकडे निघते, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे याची स्पष्ट सूचना प्रेक्षकांना मिळत नाही. अनेक समीक्षकांनी हा शेवट सुखान्त मानला, आणि हे निग्रोंचे नाटक नसून कोणत्याही कुटुंबाचे नाटक आहे अशी त्याची स्तुती केली. वडील वॉशिंग्टनमध्ये खटला लढत असताना आई रात्री पिस्तूल घेऊन घराची राखण करीत असे, हे हॅन्सबेरींनी पुढे १९६४ मध्ये एका पत्रात लिहिले. ते पत्र, गाळलेला प्रवेश आणि १९५९ ची परीक्षणे एकत्र वाचलीत, तर तुमचे एक संपूर्ण प्रकरण उभे राहते, आणि त्यात 'प्रतिबिंब' हा शब्द एकदाही लागणार नाही.

जाता जाता: न्यूयॉर्कला येण्यापूर्वी फिलाडेल्फियात झालेल्या प्रयोगाला एफबीआयचा माणूसही जाऊन बसला होता, आणि नाटकात साम्यवादाविषयी काही भाष्य नाही असा अहवाल त्याने पाठवला. इतक्या बारकाईने नाटक पाहणारे प्रेक्षक आपल्याकडे फक्त सेन्सॉर मंडळातच सापडले.

दफ्तरखाना

तिसरी घंटा यांचे विवेचन उत्तम आहे, पण अभ्यासिका यांच्या यादीलाच माझी हरकत आहे. सहाही नावे अभ्यासक्रमातली आहेत. ब्रॉडवे म्हणजे मॅनहॅटनमधला काही रस्त्यांचा व्यवसाय. त्याचे तिकीट परवडणारा वर्ग म्हणजे अमेरिका नव्हे. सांस्कृतिक इतिहास लिहायचा आणि साधने मात्र पारितोषिके मिळालेल्या नाटकांपुरती ठेवायची, हे मला पटत नाही.

निदान एक प्रकरण फेडरल थिएटर प्रोजेक्टवर हवे. महामंदीत बेकार झालेल्या रंगकर्मींना काम मिळावे म्हणून रूझवेल्ट सरकारने १९३५ मध्ये ही योजना सुरू केली आणि हॅली फ्लॅनगन यांना तिच्या प्रमुख नेमले. सरकारी पगारावर हजारो नट, लेखक, तंत्रज्ञ काम करू लागले. बहुसंख्य प्रयोग विनामूल्य किंवा अगदी नाममात्र दरात होत, आणि ज्यांनी आयुष्यात नाटक पाहिले नव्हते असे लोक मोठ्या संख्येने येत. तिथे 'जिवंत वृत्तपत्र' नावाचा एक प्रकार रुजला: चालू प्रश्नावरची आकडेवारी, न्यायालयीन कामकाज, भाषणे, बातम्या यांची जुळणी करून केलेले नाटक. त्यातले पहिले, इथिओपियावरच्या इटालियन आक्रमणाचे, १९३६ मध्ये प्रयोगापूर्वीच अडले, कारण परदेशी राष्ट्रप्रमुखांना रंगमंचावर दाखवू नये असा आदेश वरून आला. योजनेच्या न्यूयॉर्क विभागाचे प्रमुख, नाटककार एल्मर राइस यांनी त्यावर राजीनामा दिला.

१९३८ मधले 'वन-थर्ड ऑफ अ नेशन' तुम्ही अवश्य वाचावे. राष्ट्राचा एक तृतीयांश भाग निकृष्ट घरांत, अपुऱ्या वस्त्रांत आणि अर्धपोटी आहे असे रूझवेल्ट यांनी जानेवारी १९३७ च्या भाषणात म्हटले होते, त्यावरून नाटकाचे नाव घेतले होते. विषय न्यूयॉर्कमधल्या भाड्याच्या चाळवजा इमारतींचा. जुन्या इमारतीला आग लागते तिथून नाटक सुरू होते, आणि या जमिनीचे मालक कोण, भाडे कसे ठरत गेले, कायदे का निष्फळ ठरले, असे मागे मागे जाते. हॉवर्ड बे यांनी रंगमंचावर चार मजली इमारत उभी केली होती. इतर शहरांत हे नाटक झाले तेव्हा तिथल्या स्थानिक परिस्थितीनुसार संहिता बदलली गेली. त्यामुळे एकाच नाटकाच्या अनेक संहिता हेच इथे इतिहासाचे साधन ठरते.

या योजनेचा शेवटही अभ्यासण्यासारखा आहे. १९३८ मध्ये कम्युनिस्ट आणि इतर 'अमेरिकाविरोधी' कारवायांची चौकशी करणाऱ्या, प्रतिनिधिगृहाच्या डाइझ समितीपुढे फ्लॅनगन यांची साक्ष झाली. त्यांच्या एका लेखात शेक्सपिअरचा समकालीन नाटककार ख्रिस्तोफर मार्लो याचा उल्लेख होता. त्यावर अलाबामाचे प्रतिनिधी जो स्टार्न्स यांनी, हा मार्लो कम्युनिस्ट आहे काय, असे विचारले. लोक हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. पण जून १९३९ अखेर काँग्रेसने योजनेचा निधी बंद केला, आणि अमेरिकेने राष्ट्रीय रंगभूमीचा इतका मोठा प्रयत्न पुन्हा केला नाही.

अभ्यासिका

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही उत्तरे वाचताना लक्षात आले, की तिसरी घंटा यांनी घेतलेले नाटक घराचे आहे आणि दफ्तरखाना यांनी सुचवलेलेही घराचेच. नाटककारांऐवजी 'घर' हा विषय धरून, म्हणजे घराची मालकी, कर्ज, भाडे आणि वस्ती यांच्या अंगाने काही नाटके वाचली तर चालेल का? मिलरचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' मग आपोआप येईल, असे वाटते. त्यांचेच 'द क्रूसिबल' मात्र सोडावे लागेल, आणि मॅकार्थी कालखंड वगळल्याबद्दल तोंडी परीक्षेत विचारणा होईल, ही धास्तीही आहे.

पिटातला प्रेक्षक

चालेल नव्हे, हेच करा.

'डेथ ऑफ अ सेल्समन'विषयी एक गोष्ट सुचवतो, कारण या नाटकावर अमेरिकन स्वप्नाच्या भंगाचे इतके निबंध निघाले आहेत, की त्यातल्या घराच्या कर्जाकडे कोणी पाहत नाही. नाटक १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरमध्ये आले. नाटकाचा नायक, फिरता विक्रेता विली लोमन, याच्या ब्रुकलीनमधल्या घराचा शेवटचा हप्ता भरायचा आहे. कर्ज २५ वर्षांचे. घर घेतले तेव्हा थोरला मुलगा बिफ नऊ वर्षांचा होता, आता तो चौतिशीत आहे. म्हणजे नाटकाचा काळ प्रयोगाच्या वेळचाच धरला, तर कर्ज १९२४ च्या आसपासचे ठरते. आता गृहकर्जांचा इतिहास काढा. १९२० च्या दशकात बँकांची कर्जे साधारणपणे तीन ते पाच वर्षांची असत, मुदत संपली की मुद्दल एकरकमी फेडायचे किंवा कर्ज नव्याने घ्यायचे. बिल्डिंग अँड लोन संस्था हप्त्याने फेडायची कर्जे देत, पण तीही बहुधा दहा-बारा वर्षांची. महिन्याच्या हप्त्याने वीस-पंचवीस वर्षांत फिटणारे कर्ज सर्वसामान्य झाले ते १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन स्थापन होऊन अशा कर्जांना सरकारी हमी मिळू लागल्यानंतर. विलीचे कर्ज त्याच्या तरुणपणातल्यापेक्षा प्रेक्षकांच्या चालू काळातले अधिक आहे. १९४९ मध्ये समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी नुकतेच तसे कर्ज काढलेले असणार, किंवा ते काढण्याच्या बेतात असणार. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन या नव्या उपनगरी वसाहतीची घरे तेव्हा धडाक्याने उभी राहत होती. हप्ते फेडण्यात आयुष्य जाते हे दुःख म्हणजे त्यांच्या दृष्टीने वीस वर्षांनंतरचे भविष्य होते.

यातली मेख अशी, की ज्या संस्थेने लोमनसारख्यांना हे कर्ज शक्य करून दिले, तिच्याच मूल्यांकनाच्या नियमपुस्तकात वस्तीची वांशिक 'एकजिनसीपणा' राखण्यावर भर होता आणि वंशभेदी करारांची शिफारस होती. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या भाडेकरारांतही कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. लोमनचा शेवटचा हप्ता आणि यंगरांचे विम्याच्या पैशातून भरलेले घर ही एकाच धोरणाची दोन टोके आहेत. मिलरच्या संहितेत हे कुठेही लिहिलेले नाही, मिलरला ते अभिप्रेत होते असे म्हणण्याचेही कारण नाही. पण तुमचा विषय मिलरचे मन हा नाहीच. जो मील्झिनर यांचे नेपथ्यही पाहा: घराचा नुसता सांगाडा, आरपार दिसणाऱ्या भिंती, आणि चहूबाजूंनी अंगावर येणाऱ्या उंच इमारती. त्याची छायाचित्रे सहज मिळतात.

पुढचा टप्पा ऑगस्ट विल्सनचा. त्यांच्या दहा नाटकांच्या मालिकेतली नऊ नाटके पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये घडतात. १९५० च्या दशकात शहराच्या 'नूतनीकरणा'साठी लोअर हिलची वस्ती पाडण्यात आली, आठ हजारांवर लोक विस्थापित झाले, आणि त्या जागेवर १९६१ मध्ये सिव्हिक अरीना हे भव्य सभागृह सुरू झाले. विल्सन त्याच वस्तीत वाढले. 'टू ट्रेन्स रनिंग' १९६९ मध्ये घडते: मेम्फिस नावाच्या माणसाचे छोटे हॉटेल पालिका पाडणार आहे, आणि २५ हजार डॉलरच्या खाली एक पैसा घेणार नाही असे तो पहिल्यापासून सांगतो. शेवटी पालिका ३५ हजार देते. त्याचा विजय होतो आणि वस्ती मात्र जाते. 'रेडिओ गोल्फ' हे मालिकेतले अखेरचे नाटक. त्यात आंट एस्टर या मालिकेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या वयोवृद्ध स्त्रीचे घर पाडायला निघालेला माणूसच कृष्णवर्णीय बिल्डर आणि महापौरपदाचा उमेदवार आहे. हे प्रकरण तुम्हाला सर्वांत जास्त पाने खाईल, त्याची तयारी ठेवा.

ब्रूस नॉरिस यांचे 'क्लायबोर्न पार्क' आहेच. यंगरांनी घेतलेले तेच घर: पहिल्या अंकात १९५९ मध्ये ते विकणारे गोरे कुटुंब, दुसऱ्यात २००९ मध्ये ते पाडून मोठे बांधू पाहणारे गोरे जोडपे. २०११ चे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले. मला ते जरा जास्तच हुशार नाटक वाटते. विनोद आणि वाद यांच्या चकमकीत घराच्या किमतीचा प्रश्न सैल सुटतो. प्रबंधात त्याला अर्धे प्रकरण पुरे.

तिसरी घंटा

'घर' हा धागा फारच चांगला सापडला. त्यात थिओडोर वॉर्ड यांच्या 'बिग व्हाइट फॉग' या नाटकाची भर घालावी. फेडरल थिएटर प्रोजेक्टच्या शिकागो शाखेने ते १९३८ मध्ये केले. शिकागोच्या साउथ साइडमधलेच कृष्णवर्णीय कुटुंब, मार्कस गार्वीच्या कृष्णवर्णीयांना आफ्रिकेकडे परत नेऊ पाहणाऱ्या चळवळीवरची वडिलांची श्रद्धा, महामंदी, आणि शेवटी घरातून बाहेर काढले जाण्याचा प्रसंग. त्याच शहराच्या त्याच भागावर एकवीस वर्षांच्या अंतराने लिहिलेली दोन नाटके, एक सरकारी पैशावर आणि दुसरे बरेचसे लहान लहान गुंतवणूकदारांकडून जमवलेल्या भांडवलावर उभे राहिलेले. पहिल्याला ते बोलता आले आणि दुसऱ्याला ते गाळावे लागले, असे सरळ समीकरण मात्र मांडू नका. 'बिग व्हाइट फॉग'विषयीही प्रयोगापूर्वी शिकागोत बरीच कुरबुर झाली होती.

मॅकार्थी कालखंडाबाबत: तोंडी परीक्षेच्या भीतीने प्रकरण वाढवू नये. 'द क्रूसिबल' हे १९५३ च्या वातावरणाचे साधन म्हणून उत्कृष्ट आहे. मिलरना १९५४ मध्ये त्याच्याच ब्रुसेल्स येथील प्रयोगाला जाण्यासाठी पासपोर्ट नाकारला गेला. परंतु आपल्याकडे विद्यार्थी ते १६९२ च्या सेलम गावातल्या चेटकिणींच्या खटल्यांविषयीचे (नाटकाचे कथानक तेच) साधन म्हणून वापरतात, तेव्हा वाईट वाटते. नाटकाचा नायक जॉन प्रॉक्टर प्रत्यक्षात साठीचा आणि त्यातली तरुणी अॅबिगेल अकरा-बारा वर्षांची होती. त्यांचे प्रेमप्रकरण ही सर्वस्वी मिलरची रचना आहे. प्रस्तावनेत पद्धतीचे उदाहरण म्हणून एक परिच्छेद लिहा आणि पुढे चला.

मराठी तुलनेचे प्रकरण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेंडुलकरांनी विल्यम्सच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'चे 'वासनाचक्र' केले. न्यू ऑर्लीन्सची ती दोन खोल्यांची जागा मराठीत येताना काय झाले, हा चांगला प्रश्न आहे, पण तो मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा प्रश्न आहे. त्याला स्वतंत्र निबंध द्या. शेवटच्या प्रकरणात शेपटासारखा जोडलात, तर दोन्ही विषयांवर अन्याय होईल.

दफ्तरखाना

साधनांविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. इथे बसून बरेच काम होते. फेडरल थिएटर प्रोजेक्टच्या संहिता, भित्तिपत्रके आणि छायाचित्रे यांचा मोठा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि त्यातला बराच भाग संकेतस्थळावर खुला आहे. हॅन्सबेरी आणि शेली या दोन्ही खटल्यांचे निकाल मुळातून वाचता येतात, आणि ते वाचलेच पाहिजेत, दुय्यम ग्रंथांतला सारांश पुरेसा नाही. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहरांतल्या वस्त्यांची, कर्ज देण्यातली जोखीम पाहून, लाल, पिवळी, निळी, हिरवी अशी प्रतवारी करून काढलेले नकाशे रिचमंड विद्यापीठाने 'मॅपिंग इनइक्वॅलिटी' या नावाने ऑनलाइन ठेवले आहेत. शिकागो, ब्रुकलीन आणि पिट्सबर्ग तिन्ही त्यात आहेत. प्रयोगांच्या तारखा, संख्या आणि श्रेयनामावली यांसाठी इंटरनेट ब्रॉडवे डेटाबेस आहे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या लिंकन सेंटर येथील शाखेत १९७० पासूनच्या प्रयोगांची चित्रमुद्रणे आहेत, पण ती तिथे जाऊनच पाहावी लागतात. 'रेझिन'चा १९६१ चा चित्रपट मूळ नटसंचातल्या बहुतेकांनी केलेला आहे, आणि ली जे. कॉब यांचा विली लोमन १९६६ च्या दूरचित्रवाणी प्रयोगात पाहायला मिळतो. दोन्ही मूळ प्रयोग नव्हेत, एवढे भान ठेवून वापरावेत.

संहितांबाबत एक सूचना. 'रेझिन'ची जी आवृत्ती तुमच्या ग्रंथालयात असेल तिच्यात मिसेस जॉन्सनचा प्रवेश आहे की नाही, हे आधी पाहा. १९५९ च्या प्रयोगानंतर निघालेल्या आवृत्तीत तो नाही, १९८० च्या दशकात निघालेल्या पुनःसंपादित आवृत्त्यांत आहे, आणि आपल्याकडे दोन्ही प्रकारच्या प्रती फिरतात. उद्धृते देताना दोन्हींची पाने एकत्र आली, तर तिसरी घंटा यांनी सुचवलेला सगळा युक्तिवाद कोसळेल.